डावे पान नियोजनाचे, उजवे पान नोंदीचे : कोकणातील अंगणवाडी-बालवाडीसाठी मार्गदर्शिका

अंगणवाडीच्या कपाटात पूर्वशालेय शिक्षणाच्या बहुधा दोन वह्या सापडतात. एकीत आठवड्याचे नियोजन असते, दुसरीत मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी असतात, आणि या दोन वह्यांची एकमेकींशी कधी गाठच पडत नाही. नियोजन मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवले जाते; नोंदी महिनाअखेरीस, पर्यवेक्षिका येण्याच्या आदल्या दिवशी, सगळ्या मुलांसाठी एका बैठकीत लिहून काढल्या जातात. साहजिकच दोन्ही कामांचे ओझे वाटते आणि मुलांच्या पदरात त्यातून काही पडत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर काम करणाऱ्या सेविका, मदतनीस आणि खाजगी बालवाड्यांतील शिक्षिका यांच्यासाठी लिहिलेल्या या मार्गदर्शिकेत एकच पद्धत सांगितली आहे. वही एकच ठेवावी. तिच्या डाव्या पानावर येत्या आठवड्याचे नियोजन लिहावे, उजव्या पानावर त्या आठवड्यात मुलांनी प्रत्यक्ष काय केले आणि काय म्हटले ते लिहावे, आणि पान उलटल्यावर पुढचे डावे पान मागच्या उजव्या पानाकडे पाहूनच भरावे. शासनाने ठरवून दिलेल्या नोंदवह्या अर्थातच भराव्या लागतील, परंतु अशी वही हाताशी असली की त्या आठवून आठवून भराव्या लागत नाहीत.

मुलांकडे पाहून आपले काम आखण्याची ही रीत याच किनाऱ्याला जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे बोर्डीच्या प्रयोगानंतर तीस वर्षांनी, सुरू झाली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, त्यावर आधारलेला २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २०२४ चा ‘आधारशिला’ हा ३ ते ६ वयोगटाचा अभ्यासक्रम, असे बरेच कागद सेविकेपुढे आहेत. त्या सर्वांत विकासाची क्षेत्रे जवळजवळ तीच आहेत : शारीरिक, सामाजिक-भावनिक, बोधात्मक, भाषा व साक्षरता, आणि सौंदर्यविषयक व सांस्कृतिक, त्यांच्या जोडीला शिकण्याच्या चांगल्या सवयी. कागद बदलला म्हणून वही बदलण्याचे कारण नाही.

वर्षाची आखणी

कोकणात वर्षाची आखणी गावाच्या कामांवर बसवली तरच ती टिकते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी विणण्याचे आणि दुरुस्तीचे काम घरोघरी चालते आणि एरवी कधीही न भेटणारे वडील घरी असतात. कोळीवाड्यातील गृहभेटी या दोन महिन्यांत उरकाव्यात आणि वडिलांना जाळे घेऊन अंगणवाडीत बोलवावे, कारण गाठी, भोके, लहान-मोठी आसे (जाळ्याचे डोळे) यांतून आकार आणि मापन शिकवायला याहून चांगले साधन विकत मिळत नाही. शेतकरी वाडीत मात्र हेच जुलैचे दिवस लावणीचे असतात. आई पहाटे चिखलात उतरते, मूल आजीबरोबर किंवा मोठ्या बहिणीबरोबर येते, उशिरा येते, कधी येतच नाही. या दिवसांत नवीन काही सुरू न करता गाणी, गोष्टी, पाणी-माती आणि मुक्त खेळ यांवर भर ठेवावा. एकाच गावात कोळीवाडा आणि शेतकरी वाडी असतील तर दोन्हींची गृहभेटीची वेळ वेगळी लागते, हे वर्षाच्या पानावर आधीच लिहून ठेवावे.

भाद्रपदात चाकरमानी येतात. ज्यांचे आई-वडील मुंबईत आणि मूल आजी-आजोबांकडे गावी, अशा मुलांच्या पालकांना भेटण्याची वर्षातील बहुधा हीच एक हमखास संधी असते. सेविका स्वतः गणपतीच्या तयारीत असते हे खरे आहे, तरीही सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात अशा मुलांची पाने आणि चित्रे वेगळी काढून ठेवावीत आणि आरतीला घरोघर जाणे होतेच तेव्हा ती दाखवावीत. दिवाळीनंतर रायगड-पालघरकडील कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलांसाठी निघण्यापूर्वी एका जाड कार्डावर चार-सहा ओळींत त्याला काय येते, काय आवडते आणि तो घरी कोणती बोली बोलतो ते लिहून पालकांच्या हाती द्यावे, म्हणजे भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याची सुरुवात पुन्हा शून्यापासून होत नाही. फेब्रुवारीपासून काजू आणि मार्चपासून आंबा सुरू झाला की बागांतील कामगारांची मुले उलट आपल्याकडे येतात, त्यात रत्नागिरी-देवगडकडे नेपाळी राखणदारांची मुलेही असतात. त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी काही कोरी पाने राखून ठेवावीत. शिमग्याच्या पालख्यांच्या दिवसांत उपस्थिती गृहीत धरू नये, परंतु ढोल, नाच आणि सोंगे मुले आठवडाभर खेळतात, त्याचा मात्र पुरेपूर उपयोग करावा.

डाव्या पानावर काय लिहावे

आठवड्यासाठी उद्दिष्टे दोनच घ्यावीत. आराखड्यात क्षमतांची यादी लांबलचक आहे आणि ती पाहून सर्वांना थोडे थोडे हात लावण्याचा मोह होतो; परंतु दहा उद्दिष्टे लिहिलेल्या पानावरून आठवड्याच्या शेवटी काय पाहावे तेच कळत नाही. उद्दिष्ट मुलाच्या कृतीच्या भाषेत असावे. ‘संख्याज्ञान वाढवणे’ असे लिहिण्याऐवजी ‘वस्तू सारख्या वाटून देणे आणि उरलेल्याचे काय करायचे ते सांगणे’ असे लिहिले की कशाकडे लक्ष ठेवायचे ते ठरून जाते.

त्याखाली आठवड्याचा एक मुख्य उपक्रम लिहावा आणि तो तीन पायऱ्यांवर मांडावा, कारण अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले एकाच खोलीत बसतात आणि तीन वेगळे पाठ घेणे एका सेविकेला शक्य नसते. उदाहरणार्थ, शिंपले घेतले तर तीन वर्षांच्या मुलाने ते मोठे आणि बारके असे वेगळे करावेत, चार वर्षांच्या मुलाने आकार आणि रंग या दोन्हींनुसार लावावेत, आणि पाच वर्षांच्या मुलाने मोजून, खडूने आखलेल्या रकान्यांत मांडून, कोणते जास्त भरले ते पाहून सांगावे. वस्तू तीच, जागा तीच, अपेक्षा वेगवेगळी.

साहित्याची यादी लिहिताना कोकणात पैसे लागत नाहीत, सावधगिरी लागते. शिंपले, करवंट्या, झावळीचे हीर, पोफळीच्या विऱ्या, वाळलेल्या कोकमाच्या बिया, जांभ्याचे खडे, केळीची पाने हे सर्व वापरावे. गुंजा मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी खोलीत आणू नयेत, कारण त्यांचे बी चावले गेल्यास जीवघेणे विष आहे. कच्च्या काजूबियाही मोजायला देऊ नयेत. टरफलातील तेलाने कातडी भाजते, हे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिंपल्यांच्या धारा आधी तपासाव्यात, आणि धाकटे भावंड सोबत येत असेल तर चिंचोके, बिया अशा नाकात-घशात जाणाऱ्या वस्तू त्याच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत.

किनाऱ्यावर मुलांना न्यायचे असेल तर दिवस आणि वेळ डाव्या पानावर भरती-ओहोटी पाहूनच लिहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस टाळावेत, अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे, म्हणजे भरती कमी चढण्याचे, दिवस घ्यावेत, आणि ओहोटी लागल्यानंतर जावे, पाणी चढू लागण्याच्या बऱ्याच आधी परतावे. वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारून नक्की करावी. साधारण पाच मुलांमागे एक मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय ही सहल काढूच नये आणि पावसाळ्यात तर तिचा विचारही करू नये.

डाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट आखून तिच्यात ‘मागच्या पानावरून’ असे लिहावे. ही चौकट रिकामी राहिली तर नियोजन पूर्ण झाले असे समजू नये.

पाहायचे कसे, लिहायचे केव्हा

सर्व मुलांकडे रोज पाहून लिहिणे कोणालाही जमत नाही. रोज तीन मुले ठरवावीत आणि त्यांची नावे सकाळीच पानाच्या कडेला लिहून ठेवावीत. पटावर चोवीस मुले असतील तर आठ दिवसांत एक फेरी पूर्ण होते आणि महिन्याच्या कामाच्या दिवसांत प्रत्येक मूल दोन-तीन वेळा नजरेखालून जाते. त्या दिवशी यादीत नसलेल्या मुलाने काही लक्षात राहण्यासारखे केले तर तेही लिहावे, पण यादी सोडू नये. नाहीतर बडबडी आणि दंगेखोर मुले वहीभर पसरतात आणि कोपऱ्यात शांतपणे खेळणाऱ्या मुलाबद्दल वर्षभरात दोन ओळीही जमत नाहीत. अशी शांत मुले बहुतेक वेळा मुलीच असतात, हा माझा अनुभव आहे.

पाहण्याची उत्तम वेळ मुक्त खेळाची. गाणे किंवा गोष्ट घेताना सेविका स्वतःच गुंतलेली असते, त्यामुळे त्या वेळी दिसते ते वरवरचे. पदराला किंवा ओढणीला सांभाळत जाड वही घेऊन फिरणे अवघड असते, म्हणून हातात एक लहान चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवावा. दोन-चार शब्द, मुलाचे एखादे वाक्य, वेळ, एवढे टिपले तरी पुरे. त्याची नीट नोंद त्याच दिवशी, मुले घरी गेल्यावर, उजव्या पानावर उतरवावी. दुसऱ्या दिवशी मुलाचे नेमके शब्द आठवत नाहीत आणि मग आपलेच शब्द त्याच्या तोंडी जातात. तीन मुलांच्या नोंदींना सरावानंतर वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मदतनिसांना या कामातून वगळणे हा मोठा तोटा आहे. हात धुताना कोण कोणाला साबण देते, खिचडीचे ताट कोण न सांडता नेते, कोण शेजाऱ्याच्या ताटातले मोजून पाहते हे त्यांनाच दिसते. त्यांना लिहिणे जमत नसेल तर त्यांनी सांगावे आणि सेविकेने लिहावे. नोंदीच्या शेवटी ‘मदतनिसांनी पाहिले’ असे नमूद करावे.

उजवे पान : एक नोंद सविस्तर

आता हे सारे एका उदाहरणावर पाहू. मालवणकडील एका काल्पनिक अंगणवाडीत मासळी बाजाराचा आठवडा चालू आहे. कागदाचे बांगडे, तारल्या आणि बोंबील कापलेले आहेत, दोन पाट्या आणि एक खेळातली तागडी ठेवली आहे. बाजारात मासळी वाट्याने विकली जाते हे मुलांना ठाऊकच असते, त्यामुळे वाटे लावणे हा खेळ शिकवावा लागत नाही. साडेचार वर्षांची एक मुलगी विकायला बसली. तिच्याबद्दलची नोंद बहुतेक वह्यांत अशी आढळेल : ‘खेळात आनंदाने सहभाग घेतला. गणनक्षमता चांगली आहे.’ या ओळी कोणत्याही मुलाच्या नावापुढे, कोणत्याही तारखेला चालतील, आणि नेमके म्हणूनच त्या कामाच्या नाहीत.

तीच घटना पाहून लिहिली तर अशी दिसते : ‘मासळी बाजार, सकाळी सव्वाअकरा. तिच्यापुढे सोळा बांगडे होते. तिने तीन वाटे करायचे ठरवले. कोणी सांगितले नव्हते. एकेक बांगडा तिन्ही जागी आळीपाळीने ठेवत गेली, मोजले नाही. शेवटी एक उरला. तो हातात धरून थोडा वेळ तीनही वाट्यांकडे पाहिले. शेजारची मैत्रीण म्हणाली, माझ्या वाट्यात घाल. ती म्हणाली, “मगे तुजे जास्त होतले. ह्यो मांजराक.” बांगडा पाटीच्या मागे ठेवला. मी विचारले, प्रत्येक वाट्यात किती? तिने बोट लावून मोजले : पाच.’

या नोंदीत एकही शेरा नाही. मूल काय करत होते, कोणाशी बोलत होते, काय म्हणाले, मी कुठे मध्ये पडले, एवढेच आहे. खाली एक ओळ मोकळी सोडून आपला अर्थ वेगळा लिहावा : ‘मोजल्याशिवाय, एकास एक ठेवून, सारखी वाटणी करता येते. उरलेला एक कोणत्याही वाट्यात घातला तर सारखेपणा मोडतो हे तिला समजते आणि त्याचे कारण ती सांगू शकते. मैत्रिणीला नकार देतानाही भांडण होऊ दिले नाही.’ घटना आणि अर्थ यांच्यामध्ये ही मोकळी ओळ असणे आवश्यक आहे, कारण अर्थ चुकू शकतो. उद्या दुसरी सेविका किंवा मुलीची आई तीच घटना वाचून वेगळे काही सांगू शकते आणि ते तेथेच, त्याच ओळीखाली, लिहिता आले पाहिजे.

मग तिसरा भाग : पुढे काय. ‘सोमवारी वीस बांगडे आणि चार गिऱ्हाइके द्यावीत, मग त्यातला एक काढून एकोणीस द्यावेत. वाटण्याआधी विचारावे, उरेल का? जेवताना ताटांत लिंबाच्या फोडी तिला वाटायला द्याव्यात.’ हे शब्द जसेच्या तसे पुढच्या डाव्या पानावरच्या ‘मागच्या पानावरून’ या चौकटीत जातात आणि तेथून त्या आठवड्याचा उपक्रम ठरतो. त्याच बाजारात साडेतीन वर्षांचा एक मुलगा विकत नव्हता, घेत नव्हता. सगळ्या तारल्यांची तोंडे एकाच दिशेला लावण्यात तो बराच वेळ रमला होता. ‘खेळात सहभागी झाला नाही’ असे त्याच्याबद्दल लिहिले असते तर त्याचे पुढचे पान बंद झाले असते. ‘तारल्या एका दिशेने लावल्या, एक उलटी दिसली ती फिरवली’ असे लिहिले तर पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी पान-शिंपला-पान-शिंपला अशी रांग मांडता येते.

अशा नोंदींना न्यूझीलंडमध्ये शिकण्याच्या गोष्टी म्हणतात. तेथे १९९६ साली पूर्वप्राथमिक शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आल्यानंतर मार्गारेट कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली, आणि मुलाला काय येत नाही याच्या यादीऐवजी मूल कशात गुंतते, अडचण आली तर काय करते, आपले म्हणणे कसे मांडते हे पाहण्यावर तिचा भर आहे. आपल्याकडे महिन्यातून प्रत्येक मुलाची अशी एक सविस्तर गोष्ट लिहिणे जमले तरी चांगले. बाकीच्या नोंदी दोन-तीन ओळींच्या असल्या तरी चालतील.

हुशार, मठ्ठ, लाजाळू, हट्टी, खोडकर, लक्ष नसते, हे शब्द उजव्या पानावर येऊ देऊ नयेत. ‘हुशार’सुद्धा नको, कारण त्या शब्दानंतर सेविका पाहायचे थांबवते.

मुलाचे बोलणे त्याच्या बोलीतच लिहावे. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी, वारली, कातकरी किंवा कोकणी मुसलमानांची बोली, जी असेल ती. ओहोटीच्या वेळी वाळूकडे पाहून एखादे मूल ‘पाणी खंय गेला?’ असे विचारते, तेव्हा तो विज्ञानाचा प्रश्न आहे. तो ‘पाणी कुठे गेले?’ असा शुद्ध करून लिहिला की त्याच्या भाषेचा पुरावा आपणच पुसतो. वर्षाच्या अखेरीस बोलीतील वाक्ये लांब होत जातात, त्यात ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘जर’ या अर्थाचे शब्द येऊ लागतात, आणि ते दिसण्यासाठी सुरुवातीची वाक्ये होती तशी लिहिलेली असावी लागतात.

चित्रे, फोटो आणि पावसाळी हवा

प्रत्येक मुलाचे एकाच विषयाचे चित्र वर्षातून तीनदा घ्यावे : पावसाच्या सुरुवातीला, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये. विषय घर, होडी किंवा आपण स्वतः असा साधा असावा. मागच्या बाजूस तारीख आणि मुलाचे वय वर्षे-महिन्यांत लिहावे आणि चित्राबद्दल मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावे. सेविकेने आकृती काढून द्यायची आणि मुलाने तिच्यात रंग भरायचा, अशी चित्रे भिंतीवर छान दिसतात, परंतु त्यांतून मुलाबद्दल काहीच कळत नाही. ती संग्रहात घेऊ नयेत.

फोटो काढण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांचा आणि त्याने मांडलेल्या वस्तूंचा फोटो अधिक उपयोगी असतो. हे फोटो गावाच्या किंवा कामाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत. मुलांची वजने-उंची आणि हजेरी पोषण ट्रॅकर या शासकीय अॅपवर जातेच. ती या वहीत पुन्हा लिहू नये. अपवाद एकच : मूल नेहमीपेक्षा मरगळलेले दिसत असेल आणि त्याच सुमारास वजन घटले असेल, तर ते दोन्ही एकत्र नोंदवावे.

किनाऱ्यावर कागद टिकवणे हे स्वतंत्र काम आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कागद फुगतो आणि बुरशी धरतो. शाईच्या व जेल पेनाऐवजी पेन्सिल किंवा बॉलपेन वापरावे. चित्रे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावीत आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा बाहेर काढून वारा द्यावा. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना डबा उंचावर का ठेवायचा ते समजावून सांगण्याची गरज नाही.

काळजी वाटते तेव्हा

काही मुलांच्या नोंदी वाचताना शंका येते. तीन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, पूर्वी येत असलेली गोष्ट आता येत नाही. अशा वेळी सेविकेने निदान करू नये आणि ‘होईल हळूहळू’ असे म्हणून सोडूनही देऊ नये. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रसंगी पाहिलेल्या तीन-चार नोंदी तारखांसह एकत्र कराव्यात, घरी तसेच दिसते का ते आई किंवा आजीला विचारावे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा ती पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत. पथक वर्षातून दोनदा तपासणीस येते. शंका मोठी असेल तर त्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि तेथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा मार्ग धरावा. डॉक्टरांपुढे मूल थोडा वेळच असते आणि त्या वेळात ते बहुधा रडत असते, म्हणून ‘१२ तारखेला ढोल वाजला तेव्हा वळला, नावाने हाक मारली तेव्हा वळला नाही’ ही एक ओळ त्यांना फार उपयोगी पडते.

पालकांना आणि शाळेला काय द्यावे

पालक सभेत प्रगतीचे तक्ते वाचून दाखवू नयेत. दोन-तीन गोष्टी, मुलांची नावे न घेता किंवा त्यांच्या पालकांना आधी विचारून, मोठ्याने वाचाव्यात. मांजरासाठी बाजूला ठेवलेला बांगडा ऐकून आया हसतात आणि घरी मूल काय काय करते ते आपणहून सांगू लागतात. ते त्याच दिवशी उजव्या पानावर चढवावे आणि पुढे ‘आईने सांगितले’ असे लिहावे. ‘एबीसीडी कधी शिकवणार’ हा प्रश्न या सभेत येतोच, विशेषतः जवळपास खाजगी इंग्रजी बालवाडी असेल तेव्हा. त्याला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा त्याच मुलाची जूनमधली आणि मार्चमधली दोन चित्रे शेजारी ठेवून, होडीत आता किती माणसे बसली आहेत ते पालकांनाच पाहू द्यावे.

पर्यवेक्षिकेच्या भेटीत पूर्ण वही पुढे करण्याऐवजी तीन जोडपाने निवडून दाखवावीत, ज्यांत उजव्या पानावरून पुढचे डावे पान कसे बदलले ते दिसते. काही अधिकाऱ्यांना भरलेल्या रकान्यांची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला या वहीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाण्याची शक्यता धरावी.

मूल पहिलीत जाते तेव्हा त्याच्याबरोबर प्राथमिक शाळेत एकच पान पाठवावे. त्यात घरची बोली, मूल कशात रमते, कोणत्या गोष्टी स्वतः करते, कोणत्या गोष्टींत थोडा हात द्यावा लागतो आणि वर्षातील एक गोष्ट पूर्ण लिहिलेली असावी. पहिलीचे शिक्षक चाळीस पाने वाचणार नाहीत, हे पान वाचतील. शक्य असेल तर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती नेऊन द्यावे आणि तोंडी दोन शब्द बोलावेत. सर्व चित्रे आणि मुलाच्या गोष्टी पालकांना द्याव्यात. घरातील भांडणे, वडिलांचे व्यसन, कर्ज, आजार यांबद्दल गृहभेटीत कानावर आलेले काही वहीत लिहिले गेले असेल तर ते शाळेकडे किंवा पालक सभेत जाऊ देऊ नये. त्या ओळी असलेली पाने वेगळी काढून, मूल अंगणवाडीतून गेल्यावर नष्ट करावीत.